चिंधीआबांचा नेम

माझ्या दुकानात येणारं गिऱ्हाईक आधी आरशात बघतं, मग माझ्याकडे आणि शेवटी कापडाकडे. चिंधीआबा आल्या आल्या डोळे मिटून घ्यायचे. शिलाईच्या मशीनशेजारी माझं कातरणांचं पोतं असतं. त्याच्यापुढे उकिडवे बसायचे, हाताला येईल ती चिंधी उचलायची, डोळे मिटून अंगठा आणि बोटाच्या मध्ये चोळायची आणि मान जराशी कलती करून थांबायचं. मग निकाल. "ही जाड हाय." "ही बरी हाय, पन खळ लई हाय हिच्यात." "ही न्हाई, ही फसवी हाय." ब्लाऊजचं माप द्यायला आलेल्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. मीही हसायची, खोटं कशाला सांगू.

पुणतांब्यात स्टँडपासून जरा आत माझं लेडीज टेलरचं दुकान आहे. आबांची वस्ती गोदावरीच्या अंगाला, उसाच्या आणि मक्याच्या मधोमध. तिथून ते सायकल हातात धरून चालत यायचे, बसायचे क्वचितच. त्यांच्याकडे ठासणीची बंदूक होती, रानडुकरांपासून पीक राखायला परवान्यावर मिळालेली, बापाच्या हातची. ठासणीची म्हणजे नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, मग गोळी घालायची, गजाने ठासायची, मागे ठिणगी पाडणारी टोपी बसवायची आणि मग चाप ओढायचा. एक बार काढायचा तर एवढा सगळा प्रपंच. तोवर डुकरं मका खाऊन, ढेकर देऊन जात असतील, असं मी त्यांना एकदा म्हटलं. "जाऊ देत की," ते म्हणाले, "त्येंना मारायचं थोडंच हाय. आवाज आयकून पळतात, बास झालं."

मग चिंध्या कशाला, हा माझा पहिला प्रश्न. त्यांनी खिशातून शिशाची एक गोळी काढली, आवळ्याहून जरा लहान, आणि माझ्या तळहातावर ठेवली. केवढी जड! मग शेजारच्या बाटलीतले शेंगदाणे हलवून दाखवले. खडखड वाजले. "नळी आतनं गुळगुळीत असती, पोरी. गोळी सैल पडली की अशीच वाजत जाती, ह्या भिंतीला आपट, त्या भिंतीला आपट. शेवटी ज्या अंगाला आपटंल, त्येच्या उलट्या अंगाला भाईर पडती. आपन नेम धरायचा चिंचेवर, गोळी जानार बाभळीवर. गोळीला अंगासरशी चिंधी गुंडाळली, तर ती गप सरळ जाती." मी म्हटलं, म्हणजे गोळीला अंगरखा शिवायचा. हे त्यांना इतकं आवडलं, की त्या दिवसापासून मला ते गोळ्यांची शिंपीण म्हणायचे. मी त्यांचं नाव चिंधीआबा ठेवलं, आणि ते गावात असं रुळलं की मतदारयादीतलं नाव माणसं विसरली.

पहिली दोन वर्षं आमची कापडातच गेली. टेरिकॉट त्यांनी पहिल्याच आठवड्यात परत आणून दिलं. बार उडाल्यावर त्या उष्णतेने ते वितळायचं आणि नळीला आतून चिकटायचं. पॉपलीन फाटायचं. टू बाय टू तर गोळीबरोबर बाहेर येईपर्यंत त्याचा भुगा व्हायचा. शेवटी मी एक दिवस गादीचं पट्ट्यापट्ट्यांचं कापड दिलं, गरम पाण्यात दोनदा धुऊन, खळ काढून. त्यांनी डोळे मिटले, चोळलं, आणि बराच वेळ उघडलेच नाहीत. मला वाटलं, बसल्या जागी डुलकी लागली. "हेच," ते म्हणाले. "आता ह्याच ताग्यातलं द्यायचं. दुसरा तागा आनलास तर मला सांगायचं." मेण आणि खोबरेल कालवून त्या चिंध्यांना लावायचे. त्यांच्या सदऱ्याला कायम देवळातल्या समईसारखा वास यायचा.

"एका टायमाला एकच गोष्ट बदलायची," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कापड बदललं तर दारूचं माप तेच. माप बदललं तर कापड तेच. दारू आधी तळहातावर अंदाजाने घ्यायचे, ते सोडून त्यांनी वेळूच्या पेराचं एक माप कापून घेतलं. गोळ्या साच्यात ओतल्यावर ओळखीच्या सराफाच्या तराजूत एकेक तोलायचे, आणि जी हलकी भरेल ती पुन्हा वितळवायचे. आत हवेचा बुडबुडा असला की ती गोळी भलतीकडे जाते म्हणे. दर बारामागे नळी पुसायचे. नळीच्या टोकावर नेम धरायची पितळी माशी होतीच, पण मागच्या बाजूला खाच नव्हती. ती त्यांनी नगरच्या परवानावाल्या कारागिराकडून बसवून आणली. त्यासाठी अर्ज, शिक्के, तीन फेऱ्या. एवढ्या वेळात माणूस घर बांधतो.

नेम बघायला ते पन्नास पावलांवर मांजरपाटाची चादर लाकडी चौकटीला ताणून बांधायचे, मागे मातीचा उंच बांध. चादरीच्या मधोमध काजळाने ताटलीएवढा काळा चांदोबा. डुकरं हाकलायला सांजेला बार काढायचाच असतो, तो हवेत काढण्यापेक्षा चादरीवर काढला. पहिली चादर त्यांनी माझ्याकडे आणली ती ठिगळं लावून द्यायला. मी उलगडली आणि बघतच राहिले. वीसेक भोकं, पण चांदोबात एकही नाही. एक वर, एक खाली, एक पार कडेला, आणि बहुतेक डावीकडे गेलेली. चाळणी बरी. मी म्हटलं, "आबा, ह्याला ठिगळं लावण्यापेक्षा नवी घ्या, जुनी मला द्या." त्यांनी दिली. शिंप्याच्या घरात जुनं कापड फुकट जात नाही, हे आमच्या आईचं शिकवणं. मी ती कपाटावर टाकली.

मला हे सगळं म्हाताऱ्याचा छंद वाटायचं. कुणी पत्ते खेळतं, कुणी पारावर बसून सरकार पाडतं, हे बंदूक सरळ करतात. निवडणूक आली की परवान्याच्या सगळ्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. ग्रामपंचायत, सोसायटी, झेडपी, आमदार, खासदार. आमच्याकडे निवडणुकांना काही तोटा नाही. त्या त्या वेळी आबा पोरक्यासारखे दुकानात येऊन बसायचे. मी त्यांना त्याच गादीच्या कापडाची एक गवसणी शिवून दिली होती. बंदूक गवसणीत घालून, छातीशी धरून ते ठाण्यात न्यायचे आणि निकाल लागला की दुसऱ्या दिवशी सकाळी दारात उभे. ठाण्यातले हसायचे, "आबा, गुलालसुद्धा अजून खाली बसला नाही."

छंद नव्हता, हे मला सासूबाईंनी सांगितलं. एकदा आबा गेल्यावर त्या म्हणाल्या, "त्येच्या नादी लागू नगंस. भावावर बंदूक चालवलीया त्यानं."

चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आबा आणि त्यांचा धाकटा भाऊ तात्या, दोघांची शेतं लगत, मध्ये एक बांध. त्या सकाळी बांधावरून दोघांची बोलाचाली झाली होती. दिवस कलल्यावर मक्यात डुकरं शिरली, आबांनी बार काढला आणि गोळी डुकराला न लागता डावीकडे बांधापाशी उभ्या असलेल्या तात्याच्या उजव्या कोपरात शिरली. हात वाचला, पण कोपर वाकडं राहिलं ते राहिलं. परवाना तेव्हा वडिलांच्या नावावर. वडिलांनी ठाण्यात हात जोडले आणि अपघात म्हणून कागद झाला. तात्याने कागदावर अंगठा दिला. पण गावात परतल्यावर चावडीपुढे, चार माणसांदेखत, तो म्हणाला, "नेम धरून मारली मला." कागदावरचं कोण वाचतं? चावडीवरचं गावाने लक्षात ठेवलं. तेव्हापासून दोघं भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. मधला बांध तेवढा दोघांनीही एक वीत सोडून नांगरायला सुरुवात केली.

मग मला काही गोष्टींचा उलगडा झाला. तात्यांना मी ओळखत होते. त्यांच्या सुनेचे ब्लाऊज मीच शिवते. लग्नाच्या पंगतीत ते नेहमी टोकाला बसायचे, कारण डाव्या हाताने जेवताना शेजाऱ्याला धक्का लागतो. आणि त्याच लग्नांमध्ये आबा कधी पानावर बसलेले मी पाहिले नव्हते. पाण्याचा जग घेऊन पंगतीतून फिरायचे, सगळ्यांना वाढायचे, तात्यांचा पेला मात्र दुसऱ्या कुणाला तरी भरायला सांगायचे. मी समजत होते, म्हाताऱ्याला मिरवायची हौस आहे.

हे कळल्यावर पुढच्या वेळी ते आले तेव्हा मी चिंध्यांचं पोतं पुढे केलं, पण थट्टा केली नाही. त्यांना लगेच समजलं. "कुनी सांगितलं?" ते म्हणाले. मी मापाची पट्टी गुंडाळत राहिले. "सांगू दे. खोटं थोडंच हाय." मग एक चिंधी चोळत, डोळे न उघडताच म्हणाले, "पन नेम डुकरावरच हुता, पोरी." मी म्हटलं, मला ठाऊक आहे. खरंतर मला काय ठाऊक होतं? पण म्हटलं.

अशी आठ-नऊ वर्षं गेली. चादरी येत होत्या आणि भोकं हळूहळू जवळ येत होती. आधी चांदोबाच्या कडेला शिवायला लागली, मग आत आली. शेवटच्या चादरीवर पाच बारांची पाचही भोकं एका पुरीएवढ्या जागेत होती. ठासणीच्या, आतून गुळगुळीत नळीच्या बंदुकीने पन्नास पावलांवर हे दुसऱ्या कुणी करून दाखवलं तर मी माझी मशीन त्याला देऊन टाकीन. आबांनी ती चादर माझ्यापुढे दोन्ही हातांनी धरली होती आणि लहान मुलाने पाटी दाखवावी तसं तोंड केलं होतं. त्यांच्या पंच्याहत्तरीच्या चेहऱ्यावर इतकं मोकळं हसू मी पाहिलं ते तेवढंच.

आणि इथे मी शहाणपणा केला. मी म्हटलं, "आबा, हे तात्यांना दाखवा. म्हणावं, बघ बाबा, तुला लागली ती बंदूक वाईट होती, मी आयुष्य घालवून ती नीट केली. आता ती कुणाला लागणार नाही." आबा कितीतरी वेळ चादरीची घडी घालत राहिले. "यील तो?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, मी आणते.

तात्यांकडे मीच गेले. ब्लाऊज पोचवायचं निमित्त होतंच. ते ओट्यावर डाव्या हाताने लसूण सोलत बसले होते. सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मी कशाला येऊ? माज्यावर आनि एक बार काढायला?" मी म्हटलं, "तात्या, तुमचा थोरला भाऊ आहे. दहा वर्षं चिंध्या वेचतोय तो. एक संध्याकाळ द्या." सून आतून म्हणाली, "जा की मामंजी, काय बिघडतंय." लसणाची पाटी बाजूला सारून ते उठले तेव्हा मला वाटलं, जिंकले मी.

बांधाजवळ चार-पाच शेजारी जमले होते. आबांनी नवा सदरा घातला होता, मी शिवलेला. भावाकडे बघायचं धाडस त्यांना झालं नाही. त्यांनी माप भरलं, दारू ओतली, चिंधी गुंडाळलेली गोळी नळीत बसवली, गजाने ठासली, टोपी चढवली. बार. नळी पुसली. पुन्हा तेच. घाई नाही, एक हालचाल कमी नाही की जास्त नाही. पाच बार व्हायला चांगला अर्धा तास गेला. तात्या तितका वेळ उभेच होते. मग ते चालत चौकटीपाशी गेले आणि त्यांनी आपला डावा पंजा चांदोबावर ठेवला. पाचही भोकं त्या पंज्याखाली झाकली गेली.

"एवढा नेम हाय व्हय," ते म्हणाले. आवाज चढवला नव्हता. "मंग मला लागली ती चुकून कशी?"

आणि बांध ओलांडून निघून गेले.

आबा बंदुकीचा दस्ता जमिनीला टेकवून उभे राहिले. शेजाऱ्यांतला एक जण घसा खाकरून म्हणाला, "चला, गुरं सोडायचीत." मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. इतकी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती! बंदूक तेव्हा वाकडी होती असं ज्याला पटवायचं, त्यालाच ती किती सरळ आहे हे मी बोलावून दाखवलं. दुसऱ्या दिवशी गावात तेच. चहाच्या टपरीवर, पिठाच्या गिरणीत. पुरीएवढ्या जागेत पाच गोळ्या, मग भावाला लागली ती चुकून का? चाळीस वर्षांपूर्वीच्या माणसांपैकी निम्मी मरून गेली होती. ज्यांना काही ठाऊकच नव्हतं त्या पोरांनाही मी ती गोष्ट नव्याने करून दिली.

पंधरा दिवसांनी आबा आले. पोत्याजवळ बसले नाहीत. "पोरी, ती पैली चादर हाय का गं? जिच्यात येकबी चांदोबात नव्हती, ती?"

त्यांना काय हवं होतं ते मला उमगलं. ती चादर दाखवली की कुणीही म्हणालं असतं, ही बंदूक तेव्हा डावीकडेच मारत होती. पण ती चादर राहिली होती कुठे? केडगावला माझी धाकटी बहीण असते, तिच्या बाळंतपणाला मी गोधडी शिवली होती आणि आतल्या थराला ती चादर कापून घातली होती. मी आबांना खरं सांगितलं नाही, म्हटलं शोधते. दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून केडगावला गेले. बहिणीने वेड्यात काढलं. तिच्या लेकराच्या अंगावरची गोधडी काढून घेतली, बदल्यात नवी चादर घेऊन दिली आणि घरी येऊन टाका न् टाका उसवला. आमच्या धंद्यात उसवणं म्हणजे चूक कबूल करणं. मी त्या दिवशी तीन तास उसवत होते.

सगळे तुकडे निघाले. आबांना बोलावलं आणि दुकानाच्या फरशीवर तुकड्याला तुकडा लावून चादर पुन्हा मांडायला बसले. भोकं सगळी होती. पण मध्ये एक जागा रिकामी राहिली, बरोब्बर ताटलीएवढी. मग आठवलं. गोधडी शिवताना काजळाचा तो काळा डाग काही केल्या धुतला जाईना, लेकराच्या अंगाला लागेल म्हणून तेवढाच भाग मी कापला होता आणि पाणी तापवायच्या चुलीत घातला होता. कडेचे तुकडेही इकडचे तिकडे झालेले. डावं कुठलं, उजवं कुठलं, वर काय, खाली काय, कुणाला सांगता येणार?

आबा त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले. मला वाटलं रागावतील. मला ते हवंही होतं. ते हसले, आवाज न करता. "मधलाच न्हाई. मंग नेम कशावर धरला हुता, हे कसं कळावं कुनाला?"

मी रडायला लागले तेव्हा त्यांनी मशीनवरचा तांब्या माझ्यापुढे सरकवला. "रडू नगंस. तुजा काय दोष? तू चिंधी जपनारी बाई, तू चादर जपशील व्हय." मग बराच वेळ बसले. गिऱ्हाईक नव्हतं. बोलत होते ते माझ्याशी की स्वतःशी, कोण जाणे.

"त्या दिवशी दारू मी मुठीनं वतली. गोळी सैल हुती, वरनं कागदाचा बोळा कोंबला. मका हालला, डुकराची पाठ दिसली, बार काढला. नेम डुकरावर हुता, ह्ये खरं. पन सकाळचा राग बी हुता, पोरी. तात्या मला बापापुढं चोर म्हनला हुता बांधावरनं. दिवसभर डोक्यात त्योच. आन् गोळी गेली ती तिकडंच. चारी दिशा मोकळ्या असताना त्याच्याकडंच गेली. आता मी कुनाला काय पटवू? माजं मलाच कधी कधी वाटतं, नळीनं मारली का मी मारली? म्हनून म्हटलं, आधी नळी पक्की करू. नळीचा दोष नळीच्या पदरात घालू. मंग माजा किती उरतो ते बघू."

"किती उरला?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"लई न्हाई उरला," ते म्हणाले. "पन जेवढा उरला तेवढा जात न्हाई."

त्यानंतर निवडणूक लागली. आबांनी बंदूक नेहमीसारखी गवसणीत घालून ठाण्यात नेऊन दिली. निकाल लागला, गुलाल उडाला, फटाके झाले. दुसऱ्या दिवशी आबा ठाण्यात गेले नाहीत. आठवड्याने गेले नाहीत. ठाण्यातून निरोप आला तरी गेले नाहीत. मी वस्तीवर जाऊन विचारलं, तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे तिकडंच. डुकरं काय, पत्र्याचा डबा वाजवला तरी पळतात." त्यांचा मुलगा पुण्याला कंपनीत, तो महिन्यातून एकदा यायचा. मी डबा पाठवायची. भाजीला मीठ कमी झालं तर ते सांगायचे; जास्त झालं तर नाही. हिवाळ्यात एका सकाळी दूध घालणारा हाक मारून थकला, तेव्हा दार ढकललं. झोपेतच गेले होते. मुलगा आला, सगळं झालं. मी त्या दिवशी एक टाकाही घातला नाही. हाताला सुई लागेना.

दहाव्याला सगळा गाव गोदेच्या घाटावर. आमच्याकडे दहावा म्हणजे सभाच असते. मंडप, स्पीकर, महाराजांचं प्रवचन, मग पुढाऱ्यांची भाषणं. ज्यांनी आबांना उभ्या आयुष्यात चहा पाजला नाही, त्यांनी त्यांच्या साध्या राहणीवर अश्रू ढाळले. मी बायकांत मागे बसले होते. तात्या आले होते. धुतलेला पांढरा सदरा, उजवी बाही नेहमीसारखी कोपराशी दुमडलेली. ते लोकांत बसले नाहीत. पिंडाच्या जवळ, पण जरा बाजूला, पायरीवर उभे राहिले. त्यांचे ओठ हलताना मला लांबून दिसत होते. मला वाटलं, नामस्मरण करत असतील.

पिंड मांडला, माणसं मागे सरकली. अशा वेळी कावळा शिवेपर्यंत सगळ्यांचा जीव टांगणीला असतो. कावळा नाही आला तर मग एकेक जण पुढे होऊन, हात जोडून, मेलेल्याची राहिलेली इच्छा बोलून दाखवतो. लेकीचं लग्न करीन, भावाला सांभाळीन, काय ते. आबांच्या बाबतीत किती वेळ लागेल, याचा गाव मनातून अंदाज बांधून होता. बायका एकमेकींना कोपरं टोचत होत्या.

कावळा लगेच शिवला. माणसं नीट मागे सरकलीही नव्हती. वडावरून एक आला, मग दुसरा, मग चार आले. "सुटला बिचारा," कुणीतरी म्हणालं. सगळ्यांनी नमस्कार केला आणि लोक मंडपाकडे जेवायला निघाले.

तात्या पायरीवरून हलले नाहीत. मी जवळून जाताना त्यांनी मला हाक मारली. 

"मी बोलायला आल्तो," ते म्हणाले.

"काय बोलायला?"

"गावापुढं. कावळा अडला असता तर पुढं हून सांगनार हुतो, माज्यावर नेम न्हवता म्हनून. मला त्याच दिशी ठावं हुतं. बार हुताच त्यो बंदूक टाकून पळत आल्ता, माजा हात आपल्या धोतरात गुंडाळला. नेम धरनारा असा येतो व्हय? पन दुखत हुतं, राग हुता, बोलून बसलो. एकदा चावडीवर बोलल्यावर मागं कसं घ्यावं? आज घेनार हुतो." त्यांनी पिंडाकडे पाहिलं. तिथे भाताची दोन-चार शितं उरली होती. "मला वाटलं, माज्यासाठी तरी थांबंल. थांबलाच न्हाई बघ त्यो."

माझ्या मनात काय काय आलं! दहा वर्षांच्या चिंध्या, तो सराफाचा तराजू, केडगावच्या लेकराची ओढून आणलेली गोधडी. पुरावा हवाच कुणाला होता? मला त्या माणसाचा इतका संताप आला, की त्याच्या वाकड्या हाताचीही दया येईना. मी म्हटलं, "मग आता बोला की. माणसं आहेत अजून. स्पीकर आहे."

त्यांनी मंडपाकडे पाहिलं. पानं मांडली जात होती. कुणी मीठ वाढत होतं, कुणी चपला शोधत होतं. "आता कुनाला सांगू?" ते म्हणाले. आणि गर्दी टाळून, नदीच्या कडेकडेने, घराकडे चालायला लागले. न जेवता.

त्याला दीड वर्ष झालं. तात्या याबद्दल अजून कुणाशी बोललेले नाहीत, आणि आता बोलतील असं मला वाटत नाही. गावात अजून तीच गोष्ट सांगतात, पुरीएवढ्या जागेतल्या पाच गोळ्यांसकट. त्या गोष्टीला हातभार माझाच, तेव्हा ती दुरुस्त करणंही मलाच आलं. मला लिहिण्याची सवय नाही. मापाच्या वहीपलीकडे मी कधी काही लिहिलेलं नाही. तात्यांना राग आला, तर माझं दुकान सकाळी दहाला उघडतं. ज्यांना ज्यांना चावडीवरचं आठवतं, त्यांनी हेही आठवणीत ठेवावं. आबांचा नेम त्या दिवशी डुकरावर होता. ज्याला गोळी लागली, त्याने स्वतःच्या तोंडाने हे मला घाटावर सांगितलं आहे.